अडतीसचं नऊ करायला निघालेल्या नंदूस

नंदू,

गेल्या शनिवारी तुझ्या मुलाला, रोहनला, मी शूटिंग रेंजवर जाऊ दिलं नाही. तो माझ्यावर चिडला, वहिनी रडल्या, आणि जिथे तू असायला हवा होतास तिथे नेहमीप्रमाणे नव्हतास. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मला तुझा इतका राग आलाय की शनिवारपर्यंत धड रडताही आलं नाही. लोक भेटतात, डोळे पुसतात, "नंदूसारखा माणूस पुन्हा होणे नाही" म्हणतात. मी मान हलवते. मनात म्हणते, बरंच आहे, एकच पुरे होता.

आपल्या नोव्हाय गावातल्या देवळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या, आणखी आणाव्या लागल्या. कुणी तुझ्या झणझणीत पिठल्याबद्दल बोललं, कुणी तू त्यांची गाडी कशी भर थंडीत सुरू करून दिलीस ते सांगितलं. तुझा मॅनेजर तुझं नाव चुकीचं उच्चारून खूप चांगलं बोलला. सगळं खरं होतं. पण रिव्हॉल्व्हरबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. सभ्य माणसं श्रद्धांजलीत बंदुकीचा विषय काढत नाहीत. मलाही बोलायला सांगितलं तेव्हा मी तुझ्या हातातल्या कसबाबद्दल दोन गुळगुळीत वाक्यं बोलले आणि खाली बसले. खरं काय बोलायचं होतं ते आता लिहिते.

तू ड्रिल मशीन आणायला गेला होतास. कुणा म्हाताऱ्या बाईनं घर विकायला काढलं होतं आणि नवऱ्याच्या गॅरेजमधलं सामान ती येईल त्याला देत होती. तो नवरा एके काळी बँकेचा रखवालदार. तू ड्रिल मशीन घेऊन आलास, आणि काही दिवसांनी, परवान्याचे सगळे सोपस्कार करून, त्याचं अडतीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर. मला फोन केलास. "मीनल, ऑफिस सुटलं की इकडे ये. एक गोष्ट दाखवायची आहे." मला वाटलं नवीन गाडी.

तू ते गॅरेजमधल्या बाकावर पिवळ्या फडक्यावर उघडून ठेवलं होतंस. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "बघ बाई, पन्नाशीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात." तुझं लक्ष नव्हतं. एकेक तुकडा उचलून तू मला दाखवत होतास. घोडा मागे ओढला की ते सहा खोल्यांचं सिलिंडर कसं बरोबर एक घर पुढे सरकतं, बाहेरच्या खाचेत खिट्टी कशी टक्कन बसते.

"हे घड्याळ आहे, मीनल. घड्याळ."

"घड्याळातून गोळी सुटत नाही."

"तू पुण्याची आहेस, तुला नाही समजणार," असं म्हणून तू हसलास. नागपूरच्या माणसाला पुण्यावर घसरायला कारण लागत नाही. पण मला समजलं होतं रे. मी धातूची माणूस आहे. तासलेल्या लोखंडाकडे बघून आपल्या दोघांचेच डोळे तसे व्हायचे, म्हणून तर मैत्री झाली. तू टूल डिझाइन करायचास, मी हीट ट्रीटमेंट बघायची. तू आकार द्यायचास, मी त्यात जीव आहे की नाही ते तपासायची. इतकी वर्षं एका कंपनीत, मग वेगवेगळ्या कंपन्यांत, मग पुन्हा एका कंपनीत. प्रसाद म्हणायचा, "माझ्या बायकोचं लग्न माझ्याशी झालंय, भांडण मात्र नंदूशी."

पहिल्यांदा रेंजवर तूच मला घेऊन गेलास. मी नको नको म्हणत होते. आत बारुदाचा वास होता आणि शेजारच्या कप्प्यात एक आजीबाई शांतपणे निशाण्याच्या कागदाची चाळण करत होत्या. माझ्या कानावरची झापडं सैल होती, तर तू तुझी काढून मला दिलीस आणि माझी स्वतः लावलीस. "श्वास सोड. अर्धा सोडल्यावर थांब. चाप खेचू नको, दाब." माझी गोळी कागदाच्याही वरून गेली. तू इतका हसलास की रेंजवाला येऊन बघून गेला. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. मला आवडलं होतं. आवाज नव्हे, बंदूक तर नव्हेच. एखादी गोष्ट शिकवताना तू समोरच्याला जराही लाजवायचा नाहीस, ते.

मग सुरू झालं ते काडतुसांचं.

अडतीसची काडतुसं महाग, आणि दुकानात कधी असतात, कधी नसतात. त्याच फळीवर शेजारी नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची काडतुसं ढिगानं रचलेली, त्यांच्या मानानं स्वस्त. सगळं जग नऊ मिलिमीटर उडवतं म्हणून ती स्वस्त. तू त्या फळीपुढे असा उभा राहायचास, जसा इंडियन ग्रोसरीत महागड्या भेंडीपुढे. ज्या माणसानं अमेरिकेत येऊन कधी सेल नसताना शर्ट घेतला नाही, त्याला हे सहन होणं शक्यच नव्हतं. एके दिवशी लंचला डबा उघडता उघडता तू जाहीर केलंस, "काडतूस बदलता येत नसेल तर बंदूक बदलायची."

कल्पना साधी होती. नऊ मिलिमीटरचं काडतूस अडतीसपेक्षा आखूड, पण बुडाशी किंचित जाड. म्हणून सिलिंडरच्या सहाही खोल्या आतून केसभर रुंद करायच्या. त्या काडतुसाला बुडाशी अडकायला कड नसते, म्हणून त्याला धरायला पत्र्याची पातळ चकती करायची. तुझ्यासारख्याला हे रविवारचं काम.

मी विचारलं, "आणि दाबाचं काय?"

तू भाजी वाढून घेतलीस.

"नंदू, दाबाचं काय? ते काडतूस दिसायला लहान आहे, पण आत जवळजवळ दुप्पट दाब तयार करतं. तुझं सिलिंडर त्यासाठी बनलेलंच नाही. त्यात तू भिंती आणखी पातळ करणार. बाहेरून खिट्टीच्या खाचा आहेत, त्या नेमक्या खोल्यांच्या पाठीवर आहेत. तिथे उरतं काय?"

"काहून घाबरून राहिली तू?"

"घाबरत नाही. विचारतेय."

"लोक करून राहिले ना. नेटवर पाहा, धडाधड उडवून राहिले."

"ती रिव्हॉल्व्हरं मुळात जास्त दाबासाठी केलेली असतात. तुझं तसं नाही. ते कुठल्या स्टीलचं आहे, कसं तापवलं, कसं थंड केलं, तुला माहीत आहे? मला नाही."

"फॅक्टर ऑफ सेफ्टी असते ना, बाप्पा."

"असते. ती जादा ताकद अपघातासाठी राखून ठेवलेली असते. तू तिच्यातून डिस्काउंट काढतोयस."

हे वाक्य तुला लागलं. दोन दिवस तू माझ्याशी फक्त कामापुरतं बोललास.

हा वाद नंतर किती ठिकाणी झाला! पार्किंगमध्ये, फोनवर, तुझ्या घरी चहा गार होईपर्यंत. गणपतीच्या पॉटलक जेवणाला तर कहर झाला. मोदकांच्या रांगेत मी तावातावानं म्हणाले, "सिलिंडर फुटेल एक दिवस, मग कळेल!" आणि पुढच्या काकू हातातली थाळी टाकून स्वयंपाकघराकडे धावल्या. दोघा-तिघांनी शेगड्या बंद केल्या. तू सगळ्यांना समजावलंस की कुठेही गॅस लीक नाही, मीनलताईंना जरा बीपीचा त्रास आहे. मी हसून हसून खुर्चीत बसले. असा होतास तू. तुझ्यावर नीट चिडूसुद्धा द्यायचा नाहीस.

पण मला खरं काय खुपत होतं ते तेव्हाही बोलता आलं नाही. त्या गिअरच्या शाफ्टच्या वेळेची गोष्ट. भट्टीतून आलेला अख्खा लॉट मी नापास केला होता. मॅनेजर डोक्यावर बसला होता की कागदावर सगळं ठीक आहे, मीनल उगाच अडवतेय. लॉट अडला तर तुझं टूलिंगचं सगळं वेळापत्रक कोसळणार होतं, सर्वात जास्त नुकसान तुझंच. मीटिंगमध्ये तुला विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं तू त्यांच्या बाजूनं बोलशील. तू म्हणालास, "मीनल नाही म्हणते म्हणजे नाही. मी माझं टूल थांबवतो." एवढंच. चष्मा पुसत. त्या दिवशी माझी नोकरी वाचली आणि नोकरीपेक्षा मोठं काहीतरी वाचलं. मी तुला धन्यवादही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "कॉफी पाज."

मग मला सांग, कंपनीच्या शाफ्टसाठी माझा शब्द चालला, तर तुझ्या स्वतःच्या हातांसाठी का नाही चालला? अनोळखी माणसाच्या गाडीत बसणार होते ते शाफ्ट. हे तर तू स्वतःच्या नाकापुढे धरणार होतास. मी तेव्हा यावर खूप विचार केला. मला वाटतं, ऑफिसात तू इंजिनिअर होतास आणि गॅरेजमध्ये तू बारा वर्षांचा मुलगा व्हायचास, ज्याला कुणी नाही म्हटलेलं चालत नाही. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू दोन दिवसांऐवजी आठवडाभर बोलला नसतास. म्हणून नाही सांगितलं.

आणि तू ते केलंसच. हिवाळ्यात, बाहेर सगळं गोठलेलं असताना. फोनवर फोटो आला: चकाकणाऱ्या सहा खोल्या, खाली एकच शब्द, "झालं." काम देखणं होतं, हे मला फोटोतही दिसलं, आणि त्याचाच जास्त संताप आला. मी लिहिलं, "उडवू नकोस." तू लिहिलंस, "पहिले तुला दाखवतो. मग ठरवू." मी ते वाचून निश्चिंत झाले. तू शब्द दिला की पाळायचास.

त्यानंतर तू गप्प झालास. मी दोनदा विचारलं, "काय म्हणतेय तुझी तोफ?" "वेळच नाही मिळून राहिला." तळघरात पाणी येतंय, रोहनच्या अपार्टमेंटचं बघायचंय, असलं काहीबाही. मला वाटलं तू रुसलायस. मला वाटलं, बरं झालं, विषय थंड झाला. बर्फ वितळला की आपोआप पुन्हा उकरशील.

बर्फ वितळला. तू एका मंगळवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीस, इंजिन बंद केलंस आणि उतरलाच नाहीस. हृदय, डॉक्टर म्हणाले. याच्यावर मी काही लिहिणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. रोहन मात्र थांबला होता, जर्सी सिटीहून लॅपटॉप आणून तुझ्या टेबलावर बसून काम करायचा. शुक्रवारी त्याचा फोन आला. "मीनल मावशी, उद्या आम्ही रेंजवर जातोय. बाबांचे दोन फ्रेंड्स आहेत ऑफिसमधले. बाबांची रिव्हॉल्व्हर घेऊन. सिक्स राउंड्स, फॉर हिम. तू पण ये ना."

"कुठली काडतुसं?"

"नाइन एमएम. बाबांनी कन्व्हर्ट केली होती ना? ही वॉज सो प्राउड. मला फोटो पाठवला होता."

मी म्हटलं, "मी सकाळी घरी येते. त्याच्या आधी काही करू नकोस."

तो मुलगा एरवी किती शहाणा आहे तुला माहीत आहे. पण शनिवारी गॅरेजमध्ये तो माझ्याशी असा बोलला की मला तूच समोर उभा आहेस असं वाटलं. मी सांगितलं, हे सिलिंडर त्या दाबासाठी नाही, मी तुझ्या बाबांना शंभरदा सांगितलं होतं. तर म्हणतो, "आय नो. बाबा सांगायचे. यू गाइज आर्ग्यूड अबाउट इट फॉर अ इयर. पण त्यांनी ते केलं ना शेवटी? त्यांनी चेक केलं असणार. ही चेक्ड एव्हरीथिंग."

"रोहन, चेक करून ते कळत नाही."

"मावशी, प्लीज. मला फक्त एकदा बाबांची गोष्ट हातात धरायची आहे. मी इथे नव्हतो. आय वॉज नॉट हिअर."

दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. स्टीलबद्दलची सगळी उत्तरं माझ्याकडे असतात, पण हा प्रश्न स्टीलचा नव्हता. मी हात पुढे केला. "दे. मला बघू तरी दे. त्यानं मला दाखवायचं कबूल केलं होतं."

त्यानं ते दिलं. त्याच पिवळ्या फडक्यात होतं. मी सिलिंडर उघडलं, रिकामं आहे याची खात्री केली, आणि खिडकीशी जाऊन आत पाहिलं. मला चकाकी दिसायला हवी होती, फोटोतल्यासारखी.

सहाही खोल्या काळ्या होत्या.

तू गोळ्या उडवल्या होत्यास, नंदू. मला न दाखवता, न सांगता, शब्द देऊन. सहाच्या सहा.

एका खोलीत काजळीवर लांब ओरखडे होते. काडतुसाचं रिकामं टरफल आत घट्ट बसलं असणार आणि तू सळी घालून, ठोकून ते बाहेर काढलं असणार. मी त्या खोलीच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खिट्टीची खाच आहे ना, जिथे भिंत सगळ्यात पातळ, तिथे नख किंचित अडलं. खात्री करायला मी तुझाच मायक्रोमीटर ड्रॉवरमधून काढला. पाच ठिकाणी एकच माप. सहाव्या ठिकाणी जास्त. फार नाही. डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. पण स्टील फुगलं होतं.

मी मायक्रोमीटर रोहनच्या हातात दिला. "तू बघ."

त्यानं बघितलं. तुझा मुलगा आहे, माप घेता येतं त्याला. दोनदा घेतलं. मग खाली बसला.

"म्हणजे त्यांनी फायर केली होती?"

"हो."

"आणि हे त्यांना कळलं होतं?"

"टरफल ठोकून काढावं लागलं तेव्हाच कळलं असणार. त्यानं नंतर मापलंही असणार."

"आज आम्ही उडवली असती तर?"

"कदाचित काही झालं नसतं. कदाचित तुझी बोटं गेली असती. किंवा शेजारी उभ्या असलेल्याचा डोळा. मला सांगता येत नाही, आणि म्हणूनच नको."

त्यानं मायक्रोमीटर फडक्यावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "बाबा न्यू. अँड ही जस्ट पुट इट बॅक इन द सेफ."

नंदू, इथे मला तुझी गचांडी धरायची होती. कारखान्यात नापास पार्टला लाल टॅग लावल्याशिवाय तू जेवायला जायचा नाहीस. ट्रेनींना ओरडायचास, "टॅग नाही म्हणजे तो पार्ट चांगला आहे असं पुढचा माणूस समजणार!" आणि घरातल्या तिजोरीत, जिचा नंबर बायको-मुलाला माहीत आहे, तिथे तू ही वस्तू बाहेरून तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवलीस. टॅग नाही. सिलिंडर वेगळं काढून ठेवलेलं नाही. वहिनींना एक शब्द नाही. का? मी खरी ठरले हे कबूल करावं लागलं असतं म्हणून? एवढ्यासाठी?

आणि मग मला तो लंच आठवला. फेब्रुवारी असेल. तू डब्यातली पोळी नुसतीच मोडत होतास. मध्येच विचारलंस, "मीनल, स्टील एकदा फुगलं तर परत जागेवर येते का?" मला वाटलं कुठल्या तरी डायबद्दल, साच्याबद्दल विचारतोयस. मी म्हटलं, "थोडं ताणलं तर येतं. पण एकदा हद्द ओलांडली की नाही. मग ते तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी आणखी जातं." तू म्हणालास, "हं." आणि मला तुझ्या डब्यातलं लोणचं दिलंस. मी खाल्लं. तू माझ्यासमोर बसून मला कबुलीजबाब देत होतास आणि मी लोणचं खात होते, कारण तू नेहमीप्रमाणे अर्धीच गोष्ट सांगितलीस.

त्या क्षणी "अगं, तू म्हणत होतीस तेच झालं" असं म्हणाला असतास तर काय झालं असतं? मी पंधरा मिनिटं बोलले असते. कदाचित वीस. मग आपण दोघं तुझ्या गॅरेजमध्ये गेलो असतो, मी ते सिलिंडर भिंगाखाली धरलं असतं, तू माझ्या खांद्यावरून डोकावला असतास, आणि ती आपली सगळ्यात सुंदर संध्याकाळ झाली असती. दोन म्हातारे इंजिनिअर आणि एक बिघडलेला तुकडा. आपल्याला आणखी काय लागायचं?

वहिनींनी चहा केला. कुणी प्यायलं नाही. रोहननं रेंजवाल्या मित्रांना फोन करून कॅन्सल केलं. मग वहिनी म्हणाल्या, "एकदा ते सकाळी रेंजवर गेले होते खरे. लवकर परत आले. हात धुतले, इथेच बसले. म्हणाले, मीनलला फोन करायचाय. मी म्हटलं, करा की. तर म्हणाले, नंतर करतो, आत्ता ती फार बोलेल."

रोहनला हसू आलं. मलाही आलं. वहिनी आमच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याही हसायला लागल्या, आणि ते हसणं कुठल्या क्षणी रडण्यात गेलं ते तिघांनाही कळलं नाही. तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच रडले. म्हणजे त्याचंही श्रेय तुलाच.

दुपारी रोहन म्हणाला की ते सिलिंडर पुन्हा कुणालाही बसवता येता कामा नये. मी तुझ्या करवतीवर ते आडवं कापलं. तो शेजारी उभा होता, तुझा गॉगल लावून. बाकीचं रिव्हॉल्व्हर सोमवारी तो पोलिसांकडे देऊन आला. ते नष्ट करतात. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, आता तिजोरीत दागिने ठेवता येतील. रोहन परत गेलाय. पुढच्या महिन्यात येऊन तुझं गॅरेज आवरायचं म्हणतो. मी म्हटलंय, लेथला हात लावायच्या आधी मला बोलाव.

आता फक्त आपलं दोघांचं उरलं. हा वाद मी जिंकले, हे उघड आहे. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं असं ऐकून होते. मला फक्त वैताग आलाय. ऑफिसात कुणाशी बोलायला जावं तर लोक सहमत होतात. मी म्हणते स्टील वाईट आहे, ते म्हणतात हो मॅडम. वर्षभर तू माझं डोकं खाल्लंस, पण त्या वर्षात मी जितकं वाचलं, जितका विचार केला, तितका गेल्या कित्येक वर्षांत केला नव्हता. कारण मला माहीत होतं, उद्या लंचला तू काहीतरी नवीन काढणार. हे तुला सांगायचं राहिलं. धन्यवाद म्हणायचेही राहिलेत, त्या शाफ्टपासूनचे.

आणि तू हार मानणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. चष्मा पुसत तू म्हणशील, "पण सहापैकी पाच तर टिकल्या ना?" तर ऐक. पाच टिकल्या कारण तू प्रत्येकीतून एकदाच उडवलीस. स्टील पहिल्याच वेळी सांगतं असं नाही. सहावीनं सांगितलं, बाकीच्या पाच नंतर सांगणार होत्या. मी पूर्ण विचार केलाय, यात कुठेही फट नाही.

आता तू बोल.

मीनल